टायरवाल्यांची कविता

छापखान्यात त्यांना सगळे पानगळ म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. मालक फोनवर सांगायचे, "थांबा, पानगळांना देतो," आणि तेही निमूट ओ द्यायचे.

संध्याकाळी निघणाऱ्या त्या दैनिकाच्या चौथ्या पानावर गेलेल्या माणसांच्या चौकटी असत. वर फोटो, मध्ये नाव, खाली चार ओळींची कविता. त्या चार ओळी पानगळ लिहायचे. उमेदीची सगळी वर्षं तेच केलं. कोणीही गेलं तरी कवितेत एक पान गळायचंच. म्हातारं माणूस असेल तर पिकलं पान, तरुण असेल तर हिरवं, आणि घरच्यांनी वय कळवलं नसेल तर नुसतं पान.

एमए तिथे प्रुफं वाचायला लागली तेव्हा तिचं नाव गेलं आणि पदवी उरली. हे बारसं मामांनी केलं. मामा म्हणजे जुळारी. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या हातात ओलं प्रूफ दिलं आणि म्हणाले, "तू साहित्यवाली ना? बघ जरा, एमए. पानगळांचं आहे. चूक सापडली तर अक्षराची सांग, पानाची सांगू नकोस."

कॉलेजात तिने दोन वर्षं हेच केलं होतं. निसर्ग, एकांत आणि मृत्यू. पंखे नसलेल्या वर्गात घाम पुसत तिने डोंगरदऱ्यांवर टिपणं काढली होती. त्यामुळे पानगळांच्या कविता वाचून तिला पहिले काही दिवस हसू आवरेना. जन्मभर रानावनाचं लिहिणाऱ्या या माणसाच्या टेबलाला एकच खिडकी होती आणि ती उघडायची दोन इमारतींमधल्या बोळकांडीत. समोर सांडपाण्याचे नळ. नळावर एक कबूतर. निसर्ग एवढाच, आणि तोही बहुतेक वेळ पाठ करून बसलेला.

शिवाय टेबल होतं फोन आणि पाण्याचं पिंप यांच्या मधोमध. ज्याला तहान लागेल तो पानगळांशी दोन शब्द बोलून जायचा. ज्याला लागली नसेल तोही. एकदा मालकांना दया आली. म्हणाले, "तुमचं कवीचं काम, एकांत पाहिजे," आणि कागदाच्या रिळांची खोली रिकामी करून दिली. पानगळ गहिवरले. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची पुन्हा पिंपाजवळ आली.

"ओल फार आहे तिथे," ते म्हणाले.

"ओल नाही, काका. माणूस नाही तिथे," एमए म्हणाली.

"तेच ते," पानगळ म्हणाले आणि पिंपाशी आलेल्या शिपायाला त्याच्या मेव्हण्याची नोकरी लागली का, ते विचारायला लागले.

त्यांची मैत्री तिथून झाली.

चौकट द्यायला येणारी माणसं त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसत. पानगळ कधी 'कसे गेले' असं विचारत नसत. ते विचारत, "काय आवडायचं त्यांना?" मग माणसं बोलत. एक बाई म्हणाली, सासऱ्यांना घड्याळं उघडायचा नाद होता, आणि एकही परत बसवता यायचं नाही. घरातलं प्रत्येक घड्याळ बशीत होतं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. पानगळांनी सगळं ऐकून घेतलं. मग मान खाली घालून लिहिलं की एक पिकलं पान वाऱ्यासवे निघालं.

बाई गेल्यावर एमएने विचारलं, "काका, घड्याळं कुठे गेली यातली?"

"ती चौकटीत मावत नाहीत."

"आणि पान मावतं?"

"पान कुठेही मावतं. तुमचे ते अभ्यासातले कवी, ते कुठे बसून लिहायचे?"

"डोंगरात. तलावाकाठी. एकटे."

"आणि जेवणाचं कोण बघायचं?"

एमएला आठवावं लागलं. "बहिणी. बायका."

"म्हणजे एकटे नव्हतेच," पानगळ म्हणाले आणि त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

पण एक कविता त्यांनी मनापासून केली होती. ती स्वतःसाठी. मी गेलो की माझ्या फोटोखाली ही, असं त्यांनी घरी, दारी, छापखान्यात, न्हाव्याकडे, सगळीकडे सांगून ठेवलं होतं. फोटोही तयार होता. स्टुडिओत रंगवलेला पडदा असतो, डोंगर आणि सरोवराचा, त्याच्यापुढे मान वळवून काढलेला. नजर दूर. दूर म्हणजे फोटोवाल्याच्या हातपाय धुवायच्या जागेकडे, असं काकू सांगायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. कविता त्यांनाही पाठ होती. कपडे वाळत घालताना त्या चालीवर म्हणायच्या.

नका हाक मारू, नका दीप लावू,
पुरे जाहले गाव, रानात गेलो;
कुणा ना कळे पान केव्हा गळाले,
तसा मी उगा एकटा शांत झालो.

एमएने ऐकली आणि काकूंना पुन्हा म्हणायला लावली. चांगली होती. जो माणूस पोस्टात एकटा जात नव्हता, त्याने ही कुठून आणली, तिला कळेना.

घोटाळा नको म्हणून पानगळांनी ती आधीच मामांकडून जुळवून घेतली होती. छापखान्याची तशी रीतच होती. पुन्हा लागणारा मजकूर मोडायचा नाही. खिळे आपापल्या खणात न सोडता अख्खी जुडी सुतळीने बांधून फळीवर ठेवायची. आईची कविता, वडिलांची कविता, गुरुजींची कविता, अशा बांधलेल्या जुड्या भिंतीशी ओळीने होत्या. टोकाला पानगळांची स्वतःची.

मग त्यांची दाढ दुखायला लागली. ते दुपारीच दंतवैद्याकडे गेले. पान मशिनवर चढायच्या बेतात असताना टायरच्या दुकानाचे मालक गेल्याची चौकट आली. कविता हवी होती. मामांनी फळीवरची हाताला लागली ती जुडी उचलली, चौकटीत बसवली आणि मोकळे झाले.

पानगळांनी ती संध्याकाळी घरी वाचली. तोंडात कापूस होता. ओरडता येईना. त्यांनी अंक काकूंपुढे धरला आणि बोटाने दाखवलं. काकूंनी वाचलं आणि विचारलं, "हे टायरवाले कधी गेले होते रानात?"

दुसऱ्या दिवशी मामांची काय ती झडती झाली. अर्धा गाल सुजलेला असताना जेवढी घेता येईल तेवढी.

"मामा, तुम्हीच जुळवली होती ती. तुम्हाला ओळखू येऊ नये?"

"मी खिळे वाचतो हो. मजकूर वाचत बसलो तर अंक उद्या निघेल."

"निदान पहिली ओळ?"

"पहिली काय आणि शेवटची काय. तुमच्या सगळ्यांतच पान असतं. ह्यातलं गळालेलं पान तुमचं आणि त्यातलं वडिलांचं, हे मी कसं ओळखू?"

 यावर एमएला उत्तर सुचलं होतं, पण ते मामांच्या बाजूचं होतं.

तेवढ्यात टायरवाल्यांचा मुलगा बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन आला. समोरच्या खुर्चीवर बसला. म्हणाला, "आई रात्रभर अंक उशाशी घेऊन होती. बाबा घरात कोणाशी बोलायचे नाहीत. दुकानातही मागे, टायरांच्या ढिगाआड बसायचे. आम्हाला वाटायचं, आमच्यावर राग आहे. तुम्ही त्यांना कसं ओळखलंत?"

पानगळांनी सुजलेल्या गालावर हात ठेवला. "अनुभव," ते म्हणाले.

मुलगा गेल्यावर त्यांनी पुडा फोडला आणि पहिलं बिस्किट मामांना दिलं.

इथपर्यंत ठीक होतं. एकदा छापलं, विसरून गेलं, असं म्हणता आलं असतं. पण कविता गावाला लागली. समोरच्या खुर्चीवर बसणारं प्रत्येक माणूस म्हणायला लागलं, "ते टायरवाल्यांचं होतं ना, तेच द्या." बाई गेली असेल तर मामा 'गेलो'चं 'गेले', 'तसा'चं 'तशी', 'एकटा'चं 'एकटी' आणि 'झालो'चं 'झाले' करत. चार खिळ्यांचं काम. कापडवाले त्याच कवितेखाली गेले, शाळेतल्या बाई गेल्या, जिच्या घरात सकाळपासून पत्ते चालत अशी एक आजी गेली. सगळ्यांना गाव पुरं झालं, सगळे रानात गेले. एमएच्या हिशोबाने आता रानात बसायला जागा उरली नव्हती.

"नाही म्हणा की, काका."

"कसं म्हणू? समोर बसून रडतात."

"मग तुमच्या फोटोखाली काय?"

ही गोष्ट मात्र त्यांना टोचायची. ते आवाज खाली आणून म्हणाले, "आता मी ती लावली तर लोक काय म्हणतील? आयुष्यभर दुसऱ्यांना कविता दिल्या आणि स्वतःच्या वेळी टायरवाल्यांची उचलली. दुसरी करायला हवी. पण ती इथे व्हायची नाही. त्याला एकांत पाहिजे."

काकूंचा भाऊ वनखात्यात होता. त्याने जंगलातल्या विश्रामगृहात आठ दिवसांची सोय केली. पानगळांनी नवी वही घेतली, टॉर्च घेतला, काकूंनी मफलर दिला. सगळा छापखाना पायऱ्यांपर्यंत पोचवायला आला. मामा म्हणाले, "या नीट. आणि आता पान पुरे, आख्खं झाडच आणा."

तिसऱ्या दिवशी पानगळ पिंपाजवळच्या खुर्चीवर होते.

त्यांचं म्हणणं, हवा मानवली नाही. काकूंच्या भावाचं म्हणणं वेगळं होतं. त्याला चौकीदाराने सांगितलं होतं की साहेबांनी पहिल्या संध्याकाळी त्याला घरी जाऊच दिलं नाही. त्याच्या तिन्ही मुलींचे मार्क विचारले. बिघडलेला पंप दोघांनी मिळून उघडला. सकाळी साहेब बाहेर खुर्ची टाकून झाडांकडे तोंड करून बसले आणि थोड्या वेळाने भांडी विसळायला आत आले. दुपारी म्हणाले, ही पानं एवढी वाजतात का रोज? चौकीदार म्हणाला, वारा आहे. साहेब म्हणाले, माझ्या कवितेत ती न वाजता पडतात. आणि संध्याकाळच्या गाडीची चौकशी केली.

पानगळ ही हकीकत स्वतःही सांगायचे. त्यात मात्र पंपाच्या मागे काहीतरी जनावर असायचं. दर वेळी वेगळं.

पण कविता झाली होती. रानात नाही. येताना बसस्थानकावर, गाडी चुकल्यावर, एका बाकावर चार माणसांमध्ये चेपून बसल्यावर. एका बाईचं बोचकं त्यांच्या मांडीवर होतं, त्या बोचक्यावर वही ठेवून लिहिली. त्यांनी ती फक्त एमएला दाखवली. काकूंनाही नाही.

नदी थांबली ना कुणाच्या घराशी,
निघाली, तरी ओल राहे उशाशी.

दोनच ओळी. एमएने त्या वाचल्या आणि वही मिटली. मग परत उघडली.

"यात पान नाही, काका."

"राहून गेलं," पानगळ जरा ओशाळून म्हणाले. "बसतं का कुठे बघू."

"काही बघू नका."

"हात लावू नको?"

"लावलात तर मी नोकरी सोडीन."

ते खूश झाले. या खेपेला जुळवून ठेवणार नव्हते. एकदा हात पोळले होते. वही एमएच्या खणात ठेवली आणि म्हणाले, "तू तरुण आहेस. माझ्यानंतर राहशील. मामांच्या हाती लागू देऊ नकोस."

त्या वर्षी मामांची आई गेली. मामा दोन दिवसांनी कामावर आले. आईची चौकट स्वतःच जुळवायची म्हणून खणांपुढे उभे राहिले. नाव जुळवलं. मग हात थांबला. न बघता खिळा उचलणारा हात. फळीवर 'आई' म्हणून बांधलेली जुडी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं आणि मान फिरवली. टायरवाल्यांच्या जुडीकडे तर पाहिलंही नाही.

पानगळ खुर्चीवरून उठले. मामांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"मामा, जुळवा. नदी थांबली ना."

"काका," एमए म्हणाली, "ती तर तुमची—"

"तू प्रुफं वाच, एमए." आणि पुन्हा मामांना, "कुणाच्या घराशी."

मामांचा हात चालायला लागला. एकेक शब्द सांगत पानगळ शेवटपर्यंत उभे राहिले. ओळी जुळून झाल्यावर मामा म्हणाले, "ही तुम्ही आईसाठी केलीत?" पानगळांनी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ हो असाही होत होता.

नंतर पिंपाशी एमएने त्यांना गाठलं. "आता तुमच्यासाठी काय?"

"करू की तिसरी. मला कुठे घाई आहे?"

घाई नव्हती हे खरं. ते गेले ते चहाच्या रांगेत. तळमजल्यावर कँटीन होतं. दुपारची वेळ, रांग दारापर्यंत. पानगळ मधोमध उभे राहून मागच्या-पुढच्यांना विश्रामगृहाची गोष्ट सांगत होते. पंप उघडून झाला होता. मागे काहीतरी खसखसलं होतं. "आणि मी टॉर्च मारला," ते म्हणाले, आणि पुढे बोलले नाहीत. लोकांना वाटलं, रंगवण्यासाठी थांबलेत. कोणीतरी विचारलंही, मग काय होतं?

त्यांना खाली टेकवलं तेव्हा भोवती एवढी गर्दी झाली की डॉक्टरला आत शिरता येईना. नका हाक मारू असं लिहिलेल्या माणसाला सगळे एकदम हाका मारत होते.

एमए वर प्रूफ वाचत होती. शिपाई धावत आला आणि त्याने सांगितलं. ती हो म्हणाली. मग तिने हातातली ओळ पूर्ण केली, पुढचीही वाचली. त्या पानात तिच्याकडून तीन चुका राहिल्या, असं नंतर मालकांनी सांगितलं. रागावून नाही.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या आणि चौकट द्यायला येणाऱ्यांच्या खुर्चीवर बसल्या. समोर, पानगळांच्या खुर्चीवर कोणीतरी बसायला हवं होतं. एमए बसली.

मामा फळीवरून जुडी घेऊन आले. अक्षरं झिजून गुळगुळीत झाली होती. 'रानात'मधला 'रा' उठतच नव्हता. "हीच लावू ना? त्यांचीच आहे शेवटी."

"नको," काकू म्हणाल्या. "ती टायरवाल्यांची आहे. लोक काय म्हणतील?"

"दुसरी..." मामा म्हणाले आणि थांबले. त्यांनी एमएकडे पाहिलं. तिने नजर चुकवली तेव्हा त्यांना उशिरा काहीतरी कळलं. ते आपल्या खणांकडे निघून गेले.

काकूंनी पर्समधून फोटो काढला. डोंगर आणि सरोवराचा नाही. दुसराच. कुठल्यातरी समारंभातला, हसताना, तोंड अर्धवट उघडं. खांद्यावर कोणाचातरी हात होता. तो कापून काढता येत नव्हता.

"हा चालेल? त्यांना पाहिजे होता तो यात नाही. दूर बघणारा."

"चालेल."

एमएने कागद ओढला. छंद तिला येत होता. तिने एक ओळ लिहिली. ओळ बरोबर होती आणि तिच्यात एक पान गळत होतं. तिने ती खोडली. पेन खाली ठेवलं.

"काकू, काय आवडायचं त्यांना?"

काकूंनी थोडा विचार केला. "माणसं. दुसरं काय? आंघोळीला गेले तरी आतून बोलत राहायचे. मी दोन दिवस माहेरी गेले तर शेजाऱ्यांकडे झोपायला जायचे. आणि लिहायचे काय, तर एकटा. मी एकदा विचारलं, तुम्हाला भीती वाटत नाही का हो, असलं लिहायला? म्हणाले, वाटते, म्हणून तर कागदावर ठेवतो. घरात नको." मग त्या म्हणाल्या, "कालचं बरं झालं. एकटे असते तर घाबरले असते."

चौकट छापली ती अशी. वर खांद्यावरच्या हातासकट फोटो. मध्ये नाव. खाली तीन साध्या ओळी.

चहाच्या रांगेत बोलता बोलता गेले.
आजूबाजूला पुष्कळ माणसे होती.
त्यांना ते आवडले असते.

मामांनी जुळवली. प्रूफ घेऊन स्वतः आले. म्हणाले, "वाचलं मी हे."

"बरं आहे?"

"पान नाही यात."

"नाही."

"हं," मामा म्हणाले.

आठवड्याभराने एक शिंपी आला. त्याची बहीण गेली होती. पिंपाजवळच्या खुर्चीवर आता एमए बसायची. शिंप्याने तोंडाने काही न सांगता जुना अंक पुढे केला आणि बोट ठेवलं. "हे द्या. पुष्कळ माणसे होती, हेच."

एमएच्या कपाळाला आठी पडली. "हे एकाच माणसाचं आहे, दादा. ते गेले तेव्हा खरंच माणसं होती. तुमच्या बहिणीपाशी होती का?"

"नाही ना," शिंपी म्हणाला. "दवाखान्यात एकटीच होती. मी खाली औषधं आणायला गेलो होतो. म्हणून तर."

एमए उठून फळीपाशी गेली. टायरवाल्यांच्या जुडीशेजारी एक नवी जुडी होती. सुतळी कोरी होती.

"मोडली नाहीत तुम्ही?" तिने विचारलं.

"लागेल म्हटलं," मामा म्हणाले. त्यांनी गाठ सोडली आणि चिमटा हातात घेऊन थांबले. खुर्चीवरच्या शिंप्याने पिंपातलं पाणी घेतलं आणि पेला हातातच धरून बसला.

"चहाची रांग तेवढी काढा," एमए म्हणाली. "गेलेचं गेली करा, त्यांनाचं तिला. बाकी राहू दे."